मारणं कमी झालं, तरी मुलं त्याला खेळायला घेत नाहीत. मोठ्या गटात काय करता येईल?

शिशुवर्ग_ताई, कर्वेनगर

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण तपशिलाशिवाय उत्तर देणं तुम्हालाच अवघड जाईल.

मोठा गट, २४ मुलं, वय साडेचार ते साडेपाच. दोन ताई, एक मावशी. वर्गातल्या एका मुलाला इथे 'क' म्हणते. जूनमध्ये आला तेव्हा कोणाला तरी ढकलणं, हातातलं हिसकावणं, रांगेत पुढच्याच्या पाठीत गुद्दा घालणं रोजचं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर हे बरंच कमी झालंय. पण आता मुलंच त्याला जवळ येऊ देत नाहीत. तो ठोकळ्यांच्या कोपऱ्यात गेला की बाकीचे उठतात, नाहीतर "ताई, हा बघा आला" अशी हाक येते. कुठे काही पडलं, कोणी रडलं, की पहिलं नाव त्याचंच, मग तो तिथे नसला तरी.

त्याच्याबरोबर 'ख' एवढा एकच असतो. 'ख' पहिल्यापासून शांत, पण या दोन महिन्यांत तोही धक्के द्यायला लागलाय. आणि एक 'ग' आहे. ती कधीच हात उचलत नाही, पण "तू तिच्याशी बोललीस तर माझी कट्टी" हे दिवसभर चालू असतं, आणि तिच्याभोवती मात्र मुलींचा घोळका असतो.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'क'ला दुसऱ्या तुकडीत टाका असा सूर आहे. त्याची आई विचारते आहे की शाळाच बदलू का. काही पालक आपल्या मुलांना "त्यानं मारलं तर तूही मार" असं शिकवून पाठवतात.

"प्रेमाने समजवा" हे करून झालंय. नेमकं काय बघायचं आणि काय करायचं, ते हवंय.

---

बालमानस_पुणे

ताई, तुम्ही लिहिलंय की मारणं कमी झालं पण मुलं घेत नाहीत. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. मारणं ही सवय त्या मुलाची असते. नावडतं होणं ही गोष्ट गटाची असते, आणि ती मारण्यापेक्षा जास्त चिवट असते. तुमचं अर्धं काम झालंय, दुसरं अर्धं गटाबरोबर करायचंय.

आधी वयाचं. मारणं, ढकलणं, चावणं सगळ्यात जास्त असतं ते साधारण दोन ते तीन-साडेतीन वर्षांत. माँट्रियलच्या रिचर्ड ट्राम्ब्ले यांनी हजारो मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवून हे दाखवलं. पुढे भाषा येते, थांबता येतं, तसं ते उतरत जातं. म्हणून खेळगटातल्या अडीच वर्षांच्या मुलाने ढकललं तर दहा मिनिटांनी दोघं एकाच घसरगुंडीवर असतात. मोठ्या गटात मात्र बहुतेकांचं मारणं थांबलेलं असतं, त्यामुळे जो मारतो तो एकदम डोळ्यांवर येतो. शिवाय साडेचार-पाचचं मूल "हा असाच आहे" असं दुसऱ्याबद्दल मत बांधू लागतं. अडीच वर्षांचं मूल असं मत धरून बसत नाही.

आता मारणं कोणत्या जातीचं आहे ते बघा, कारण उपाय त्यावर ठरतो. ढोबळ दोन प्रकार. पहिला, चिडून मारणं: कोणाचा कोपर लागून मनोरा पडतो, हा "मुद्दाम पाडलास" म्हणून अंगावर जातो. केनेथ डॉज यांनी १९८० पासून यावर बरंच काम केलं. अशी मुलं, विशेषतः जेव्हा समोरच्याचा हेतू स्पष्ट नसतो तेव्हा, तो वाईटच होता असं धरून चालतात. दुसरा, मिळवण्यासाठी मारणं: चेहऱ्यावर राग नसतो, हवा असलेला ट्रक मिळतो, विषय संपतो. मैत्रीवर पहिल्या प्रकाराचा फटका मोठा, कारण हा कधी भडकेल याचा अंदाज मुलांना येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मुलांना पुष्कळदा मागे फिरणारे साथीदार मिळतात.

आणि दंगामस्तीला मारामारी समजू नका. मस्तीत चेहरे हसरे असतात, हात बहुधा उघडा असतो, पाळी बदलते (आत्ता पळणारा नंतर पकडणारा होतो), आणि थांबल्यावर मुलं एकत्रच राहतात. मारामारीत चेहरा आवळलेला, मूठ बंद, आणि संपल्यावर एक जण दूर जातो. जी मुलं नावडती झालेली असतात त्यांची मस्ती इतरांपेक्षा जास्त वेळा खऱ्या भांडणात संपते. सगळी मस्ती बंद केली तर 'क'ला ती वेळेत थांबवण्याचा सरावच मिळणार नाही.

'ख'चं कोडं सुटण्यासारखं आहे. १९६७ मध्ये जेराल्ड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी बालवाड्यांतल्या मुलांचं निरीक्षण छापलं. ज्याला मारलं तो रडला, वस्तू सोडून मोकळा झाला, की मारणारा पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच, त्याच रीतीने जायचा. त्याने विरोध केला, वस्तू परत घेतली किंवा ताई मध्ये पडल्या, की मारणारा माणूस तरी बदलायचा किंवा रीत. त्यांना आणखी एक दिसलं ते असं: जी शांत मुलं मार खाता खाता एकदा उलट मारून यशस्वी झाली, ती हळूहळू स्वतःहून मारू लागली. "तूही मार" शिकवणाऱ्या पालकांना हे सांगा. 'ख' बहुतेक याच वाटेने गेलाय. वर तो आणि 'क' एकमेकांच्या धक्क्यांवर हसत असतील, तर ते हसूच दोघांना पुढच्या धक्क्याचं बक्षीस आहे.

शाळा बदलण्याबद्दल. अनोळखी मुलांचे नवे गट करून १९८३ च्या सुमारास काही प्रयोग झाले. मुलं प्राथमिक शाळेच्या वयाची होती. जुन्या वर्गात नावडतं असलेलं मूल नव्या गटातही थोड्याच भेटींत नावडतं झालं, कारण वागणं बरोबर गेलं. शाळा बदलून जुनं नाव पुसतं हे खरं, पण गटात शिरायची रीत तीच राहिली तर नवं नाव तसंच पडतं. आणि तुमच्याकडे वागणं सुधारतंय. अशा वेळी हलवलं तर तुम्हा दोघी ताईंनी पाच महिने केलेलं काम वाया जाईल. आत्ता बदलू नये असं मी म्हणेन.

एक नोंद ठेवा. पाच दिवस, मुक्त खेळाची २० मिनिटं, एका ताईने फक्त 'क'कडे बघायचं. कागदावर सहा रकाने: वेळ, जागा, आधीच्या एका मिनिटात काय झालं, 'क'ने काय केलं, समोरच्याने काय केलं, शेवटी वस्तू किंवा जागा कोणाकडे राहिली. चुका होतात त्या दोन. "विनाकारण मारलं" असं लिहिलं जातं, कारण आपली मान वळते ती रडण्याच्या आवाजाने, आणि आधीचं मिनिट निसटलेलं असतं. आणि भांडण न झालेले प्रसंग लिहिलेच जात नाहीत. त्याने शांतपणे मागितलं आणि नकार मिळाला, असे प्रसंग वेगळ्या शाईने लिहा. त्यांची संख्या बघून पालकच काय, तुम्हीही चकित व्हाल.

कोणाला कोण आवडतं हे बघायला फोटोंची पद्धत आहे. एकेका मुलाला बाजूला घ्यायचं, आधी खेळण्यांच्या चित्रांवर सराव, मग वर्गातल्या मुलांचे फोटो तीन डब्यांत टाकायचे: हसरा, साधा, रडका. १९७९ पासून संशोधनात ही पद्धत वापरतात आणि चार वर्षांच्या मुलांनाही ती जमते.

---

अंगणवाडी_ते_बालवाडी

वरचं सगळं पटलं, एक सोडून. रडका डबा वर्गात नको. संशोधन करणारा माणूस येतो आणि जातो, आपल्याला त्याच मुलांबरोबर दुसऱ्या दिवशी बसायचं असतं. डब्याच्या सुट्टीत मुलं "मी तुला रडक्यात टाकलं" हे सांगणारच. फक्त "कोणाबरोबर खेळायला आवडतं, तीन फोटो दे" एवढंच विचारा. दोघांनी एकमेकांना निवडलं असेल अशा जोड्या शोधा. 'क'ला एकानेही निवडलं असेल तर कामाची सुरुवात त्या मुलापासून.

आता वर्गातलं.

जागा आणि वस्तू. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात एका वेळी चारच मुलं. दाराशी खुंटीवर चार रंगीत पट्टे, पट्टा गळ्यात असेल तोच आत. ठोकळे भरपूर हवेत, चार मुलांना शंभरेक तरी. गाड्या, ट्रक अशा हमखास भांडणाच्या वस्तू एकसारख्या दोन. कोपरा दाराच्या वाटेत असेल तर हलवा. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाने मनोरे पडतात आणि चिडून मारणाऱ्या मुलाला रोज नवं निमित्त मिळतं.

थांबण्याच्या वेळा. तुम्ही रांगेतला गुद्दा लिहिलाय. २४ मुलं एका नळावर हात धुवायला उभी केली तर शेवटच्या मुलाला सात-आठ मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं. सहा-सहाचे चार गट करा, एक गट नळावर, बाकीचे गोलात गाणं म्हणत बसलेले. बरेच गुद्दे एवढ्यानेच जातात. पावसाळ्यात पटांगण बंद असतं तेव्हा सतरंजी गुंडाळून वर्गातच दहा मिनिटं लंगडी, बेडूकउड्या घ्या, आणि मग बैठं काम.

मारल्यावर पहिली दोन मिनिटं. मध्ये जाऊन अंतर पाडा. लक्ष आधी ज्याला लागलंय त्याच्याकडे. मग 'क'च्या उंचीला बसून एकच वाक्य: "मारायचं नाही. ट्रक हवा होता ना? माग." वस्तू ज्याची होती त्याच्याकडे दर वेळी परत गेली पाहिजे. गडबडीत वस्तू 'क'कडे राहिली तर बोलणी खाऊनही तो जिंकला. मग मागण्याचं वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्या, आणि तो खेळात परत. पंधरा मिनिटं कोपऱ्यात बसवू नका. एक तर तेवढा वेळ तो मुलांबरोबर राहायला शिकत नाही, दुसरं म्हणजे २३ मुलं रोज बघतात की हा 'तिथला' आहे. बळजबरीचं "सॉरी" सोडून द्या. त्याऐवजी काम द्या: पाडलेला मनोरा बरोबर उचलायचा, ओलं फडकं आणून द्यायचं.

खेळात शिरणं. माझ्या मते तुमच्या 'क'साठी हे सगळ्यात जास्त कामाचं आहे. चालू खेळात शिरताना बालवाडीतल्या कोणत्याही मुलाला पहिल्या प्रयत्नात निम्म्याच्या आसपास वेळा नकारच मिळतो. बाकीची मुलं थोडं थांबून पुन्हा येतात. 'क'सारखं मूल पहिल्याच नकाराला धक्का देतं. त्याला हा क्रम शिकवा:

१. जवळ उभं राहून बघ, काय चाललंय. (मनात दहापर्यंत मोजायला सांगा.)
२. शेजारी बसून तेच कर. ते पूल बांधतायत तर तूही दोन ठोकळे जोड.
३. त्यांच्या खेळातलंच काहीतरी बोल किंवा दे: "या पुलाला अजून विटा आणू?"
४. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा, थोड्या वेळाने परत ये.

"मी पण खेळू?" हे शिकवू नका. त्याचं सोपं उत्तर "नाही" असतं. "विटा आणू?" म्हटल्यावर खेळ थांबत नाही आणि त्याला काम मिळतं. आधी बाहुल्या घेऊन दोघांतच सराव, मग ताई शेजारी बसून खऱ्या खेळात, मग ताई दोन हात लांब. ताई "त्याला घ्या रे" असा हुकूम सोडते तिथे हमखास फसतं. मुलं घेतात, पण घरघर खेळताना त्याला कुत्रा करतात आणि दाराबाहेर बसवतात. तो भुंकत आत शिरतो आणि पुन्हा भांडण.

जोडी. आठवड्यातून तीन वेळा, १० ते १५ मिनिटं, 'क' आणि एकच मूल. निदान सहा आठवडे, जोडीदार दोन-तीन, आलटून पालटून. जोडीदार असा निवडा की जो मायाळू आहे पण "नको" म्हणू शकतो. वर्गातली सगळ्यात समजूतदार मुलगी प्रत्येक वेळी या कामाला जुंपतात, ते करू नका, तिलाही तिचा खेळ आहे. 'ख' तर नकोच. सुरुवातीला दोघांना पुरेल एवढं साहित्य आणि हार-जीत नसलेलं काम: कणकेचे गोळे, पाणी ओतणं, चटईची दोन टोकं धरून ती उचलून नेणं, एकाने ठिपके काढायचे आणि दुसऱ्याने जोडायचे. दोघांत एकच कात्री किंवा एकच फेव्हिकॉल हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पहिल्याच आठवड्यात दिलंत तर जोडी तिथेच मोडेल. आणि चांगलं चाललेलं असताना थांबवा, म्हणजे जोडीदार उद्या पुन्हा यायला तयार होतो.

गटाचे खेळ. संगीत खुर्ची काही महिने बाजूला ठेवा, धक्का मारणं त्या खेळातच आहे. खेळायचीच तर खुर्च्या कमी करा, मुलं नको, शेवटी सगळ्यांनी एका खुर्चीला हात लावायचा. विषामृत, स्टॅच्यू, 'शिवाजी म्हणतो' हे थांबण्याचा सराव देणारे खेळ, रोज एक घ्या. बाद होण्यावरून जो भडकतो त्याच्यासाठी आपल्याकडे कच्चा लिंबू आहेच. मात्र एकट्या 'क'ला कच्चा लिंबू करू नका, पाच वर्षांचं मूल ते ओळखतं. दर खेळाला चिठ्ठी काढून तीन कच्चे लिंबू.

नाव पुसणं. मुलांसमोर दिवसातून किती वेळा तुम्ही त्याचं नाव घेता आणि कशासाठी, ते एक दिवस मोजा. वर्ग त्याच्याकडे तुमच्या आवाजातून बघत असतो. "कोण रडलं?" झाल्यावर तुमची नजर आधी त्याच्याकडे जात असेल तर मुलांचीही जाईल. उलट बाजूने, सगळ्यांना हवंसं वाटणारं काम त्याला द्या: घंटा वाजवणं, झाडांना पाणी, डब्याच्या वेळी चटया वाटणं. आणि कौतुक मोघम नको. "शहाणा मुलगा" म्हणण्यापेक्षा "यानं आज वाट बघितली आणि मग ट्रक घेतला" असं, इतरांना ऐकू जाईल असं म्हणा.

---

दोन_मुलांचा_बाबा_धायरी

घरच्या बाजूचं थोडं लिहितो, कारण पालकसभेत हा भाग कायम राहून जातो.

'क'च्या आईने एकच मूल घरी बोलवावं. शाळेतल्या जोडीतलंच. ४५ मिनिटं ते एक तास, त्याहून जास्त नको. 'क'ला जी खेळणी द्यायची नाहीत ती आधीच त्याच्यासमोर कपाटात ठेवावीत. उरलेली दोघांची, हे पाहुणा यायच्या आधी बोलून घ्यावं. मध्येच खाऊ द्यावा, कारण अर्ध्या तासाने मुलं दमतात आणि तिथेच भांडण पेटतं. मोठ्यांनी ऐकू येईल एवढ्या अंतरावर असावं, टीव्ही बंद. पहिल्या भेटीला दोन मुलं बोलावण्याची चूक बहुतेक घरं करतात. तिघांत एक बाहेर पडतो, आणि तो बहुधा 'क' असेल.

सोसायटीच्या बागेत संध्याकाळी सहानंतर मोठी मुलं सायकली घेऊन येतात, झोपाळ्याला रांग लागते. पाचला गेलं तर तीच बाग निम्मी रिकामी असते. व्हॅनमधलंही विचारा. व्हॅनकाकांचं लक्ष रस्त्यावर असतं आणि मागे काय चालतं ते कोणालाच माहीत नसतं. 'क'ला पुढची ठरलेली जागा द्या, शेजारी 'ख' नको.

झोप. तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास लागतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि पाचव्या वर्षीही साधारण तेवढेच लागतात. सकाळी सातला उठणारं मूल रात्री अकराला झोपत असेल आणि दुपारी झोपत नसेल तर आठच तास होतात. असं मूल दहा वाजता वर्गात चिडणारच. आठवडाभर झोपल्या-उठल्याची वेळ लिहायला सांगा, एवढ्याने बरंच दिसतं.

ग्रुपवर ताईंनी कोणाचंही नाव न घेता तीनच गोष्टी लिहाव्यात: वर्गात मारण्याबद्दल काय नियम आहे, मूल मार खाऊन घरी आलं तर पालकांनी कोणाला आणि किती वाजता फोन करायचा, आणि मुलांना घरी काय शिकवायचं. शिकवायचं ते हे: हात पुढे करून मोठ्याने "थांब, मला नाही आवडत", वस्तू सोडायची नाही, आणि ताईकडे यायचं. "तूही मार" आणि "गप्प बस, दुर्लक्ष कर" या दोन्हींपेक्षा हे बरं. दुर्लक्ष करणारं मूल वस्तू सोडून देतं, आणि पॅटरसनबद्दल वर लिहिलंय तेच पुन्हा सुरू होतं.

घरी चापट मिळते का, हेही हळुवारपणे विचारावं लागेल. आरोप वाटू न देता: "तो ऐकत नाही तेव्हा घरी काय करता?" बहुतेक घरांत क्रम असा असतो की चार वेळा सांगणं, मग ओरडणं, मग फटका. मूल त्यातून हे शिकतं की शेवटी हातानेच काम होतं.

---

शिशुवर्ग_ताई, कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. नोंदीचा कागद सोमवारपासून सुरू करते, आणि नळाची रांग तर उद्याच मोडते. पण 'ग'बद्दल कोणीच लिहिलं नाही. तिचं काय करायचं? तिच्या पालकांकडे तक्रार नेली तर ते म्हणतील, माझी मुलगी तर कोणाला बोटही लावत नाही.

---

बालमानस_पुणे

हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. 'ग' जे करते तेही आक्रमक वागणंच आहे. मैत्री हेच हत्यार. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी १९९५ मध्ये या प्रकाराला वेगळं नाव देऊन मोजलं, आणि १९९७ मध्ये क्रिक आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांतही ते आढळतं हे दाखवलं. बालवाडीत ते उघडं असतं: "तुला वाढदिवसाला बोलावणार नाही", कानांवर हात, पाठ फिरवणं, "ही आमच्यात नाही". फक्त मुलीच असं करतात असं समजू नका, मुलगे करतात तेव्हा ते आपल्या नजरेतून सुटतं.

घोळक्याचं कारण असं की जी मुलं गोड बोलणं आणि धाक दोन्ही वापरतात, ती या वयात पुष्कळदा लोकप्रिय असतात. 'ग' खेळ रचते, कथा सुचवते, भूमिका वाटते. मुली त्यासाठी येतात आणि कट्टीच्या भीतीने थांबतात. म्हणून तिची नेतृत्वाची हौस मोडू नका, तिच्या हातातला नकाराचा अधिकार काढून घ्या.

कसं? पहिलं, कट्टी म्हणजे काही अपराध नाही. दोन मुलींची रागाची कट्टी अर्ध्या तासात बट्टी होते, तिथे पडूच नका. अट घातलेली कट्टी ("तिच्याशी बोललीस तर") पकडा, कारण तिच्यात तिसऱ्या मुलीला बाहेर ठेवायचं असतं. तिथे मारल्यावर जेवढ्या झटपट जाता तेवढ्याच झटपट जा आणि तसंच एक वाक्य: "कोणाशी बोलायचं ते जिचं तिने ठरवायचं." ताईंनी गुद्द्याला शिक्षा आणि कट्टीला हसू असं केलं तर हुशार मुलं गुद्दा सोडून कट्टीकडे वळतात.

दुसरं, आठवड्यातून दोन दिवस खेळगडी चिठ्ठीने ठरवा. 'ग'चा घोळका तीन-तीनच्या गटांत फुटेल आणि ज्या मुली तिच्यावाचून खेळल्याच नव्हत्या त्या खेळतील. पहिल्या आठवड्यात ती रडेल किंवा पोट दुखतंय म्हणेल. चिठ्ठी मागे घेऊ नका.

तिसरं, बाहुलीनाट्य. गोलात दोन बाहुल्यांचं भांडण दाखवा आणि विचारा: "हिला कसं वाटलं असेल? आता ही काय म्हणू शकते?" मुलांची नावं नकोत, आणि त्याच दिवशी घडलेला प्रसंग नको, लगेच बोटं दाखवली जातात. कट्टीची भीती घातली जाते त्या मुलीसाठी वाक्य ठरवून ठेवा: "बरं, मी नंतर येते." आणि जायला दुसरा कोपरा मोकळा ठेवा. जागाच नसेल तर ते वाक्य तिच्या उपयोगाचं नाही.

पालकांना "ती आक्रमक आहे" म्हणू नका. नोंदीतली तिची दोन वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवा, आणि घरी रुसवा कसा वापरला जातो ते ऐका. "असं केलंस तर आई बोलणार नाही हं तुझ्याशी" हे आपल्या घराघरांत बोललं जातं.

---

वाक्_श्रवण_औंध

एक मुद्दा राहिला म्हणून लिहिते. चिडून मारणाऱ्या मुलात भाषा मागे आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्याला "माझी पाळी आहे" हे वेळेवर म्हणता येत नाही त्याचा हात आधी जातो. साडेचार वर्षांचं मूल चार-पाच शब्दांची वाक्यं सहज बोलतं, काल काय झालं ते क्रमाने सांगतं, आणि अनोळखी माणसालाही त्याचं बोलणं जवळजवळ सगळं कळतं. 'क'ची घरची भाषा मराठी नसेल तर हे त्याच्या घरच्या भाषेत बघा, नाहीतर विनाकारण शिक्का बसेल.

ऐकण्याची तपासणी तर कराच. सर्दी मुरून कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की मूल कधी ऐकतं, कधी नाही. मागून मारलेली हाक चुकते, गलक्यात शेजाऱ्याचं "सरक जरा" ऐकू येत नाही, आणि धक्का तेवढा जाणवतो. घरी टीव्हीचा आवाज मोठा लागतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, हे आईला विचारा.

पाठवायचं केव्हा? तुमचे सहा आठवडे नीट होऊनही रोजचं मारणं तसंच असेल. वस्तू वापरून किंवा प्राण्यांना इजा करत असेल. स्वतःला मारून घेत असेल. खेळ, बोलणं, नजर यांतही फरक दिसत असेल. किंवा आधी येत असलेलं काही गेलं असेल, तर वाट न बघता आधी बालरोगतज्ज्ञांकडे, आणि तिथून बालविकास केंद्रात. अंगणवाडी किंवा सरकारी शाळेतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तिथून पुढे पाठवण्याची सोय आहे.

आईबरोबर तुमचा पाच दिवसांचा तो कागद द्या. "वर्गात मारतो" एवढ्या वाक्यावर डॉक्टरांना फार काही करता येत नाही. "डब्याच्या आधी, नळाजवळ, मागून हाक मारल्यावर" असं लिहिलेलं असेल तर पहिल्याच भेटीत कान तपासले जातात.